हृदयरोग अतिदक्षता परिचर्येचे पदव्युत्तर प्रशिक्षण : स्वरूप, आशय आणि काही अनुत्तरित प्रश्न

प्रस्तावना :

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे शल्यचिकित्सक नातेवाइकांना सांगतात, तेव्हा रुग्णाच्या दृष्टीने निम्मीच वाट सरलेली असते. छाती शिवून रुग्णाला अतिदक्षता विभागात आणले जाते, त्या वेळी तो भुलेच्या अंमलाखाली आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर असतो. त्याच्या मनगटातील रोहिणीत एक नळी, मानेतील नीलेत दुसरी, छातीतील रक्त बाहेर वाहून नेणाऱ्या दोन-तीन नळ्या, हृदयाच्या पृष्ठभागाला टाचलेल्या पेसिंगच्या तारा आणि सिरिंज पंपांतून अत्यंत मंद गतीने जाणारी चार-पाच औषधे, असा सारा संभार त्याच्याबरोबर येतो. शल्यचिकित्सक पुढील शस्त्रक्रियेकडे वळतात, भूलतज्ज्ञ आवश्यक त्या सूचना देऊन निघतात. त्यानंतरचे बारा ते चोवीस तास रुग्णाच्या उशाशी अखंड उभी असते ती परिचारिका. मध्यरात्री रक्तदाब खाली येऊ लागला, तर तो खरोखरच खाली येत आहे की मोजमापात चूक आहे, औषध वाढवावे की द्रव द्यावा, डॉक्टरांना आत्ताच उठवावे की दहा मिनिटे वाट पाहावी, याचा पहिला निर्णय तीच करते.

या पहिल्या निर्णयासाठी परिचारिकेला कोणते शिक्षण मिळते, ते कोठे कमी पडते आणि पदवी अथवा पदविकेनंतरचे विशेष प्रशिक्षण ती उणीव कशी भरून काढू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखात 'परिचारिका' हा शब्द या व्यवसायातील स्त्री व पुरुष दोघांनाही उद्देशून वापरला आहे. वाचकांपैकी बहुतेक प्राध्यापक अन्य विद्याशाखांतील असल्याने तांत्रिक भाग शक्य तितका उलगडून सांगितला आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विषयाला आज वेगळी निकड आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते, तिच्यामुळे अँजिओप्लास्टी व बायपास यांसारखे उपचार अल्प उत्पन्न गटाच्या आवाक्यात आले. एकेकाळी मुंबई-पुण्यापुरती मर्यादित असलेली कॅथ लॅब आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसते. यंत्रसामग्री निविदा काढून काही महिन्यांत येते. ती चालवणाऱ्या रात्रपाळीच्या मनुष्यबळाचा प्रश्न मात्र तेवढ्या वेगाने सुटत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हृदयरोग अतिदक्षता विभागाचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो अधिकारांच्या वाटणीचाही इतिहास आहे. १९६० साली कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन थांबलेले हृदय चालते ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. विद्युत्-आघाताने हृदयाची प्राणघातक अनियमित गती मोडता येते, हेही तोवर ज्ञात झाले होते. १९६१ मध्ये एडिंबरा येथील डेस्मंड ज्युलियन यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशी कल्पना मांडली की, हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण रुग्णालयभर विखुरलेले न ठेवता एकाच कक्षात, सतत ईसीजीच्या निरीक्षणाखाली ठेवावेत. १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस शहरात ह्यूज डे यांनी आणि फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी असे कक्ष प्रत्यक्षात आणले.

या कक्षांपुढची खरी अडचण मनुष्यबळाची होती. हृदयाची गती बिघडल्यापासून विद्युत्-आघात देण्यास होणारा प्रत्येक मिनिटाचा विलंब रुग्णाची वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटवतो. डॉक्टर चोवीस तास प्रत्येक खाटेजवळ थांबू शकत नाही. परिचारिका तेथे असते, परंतु ईसीजी वाचून निदान करणे व उपचार सुरू करणे हे तिचे काम नाही, अशी तेव्हाची धारणा होती. मेल्ट्झर यांच्यासमवेत काम करणाऱ्या रोझ पिनिओ या परिचारिकेने ही धारणा मोडून काढली. परिचारिका ईसीजीतील धोकादायक बदल अचूक ओळखू शकतात आणि डॉक्टर येण्यापूर्वी विद्युत्-आघातही देऊ शकतात, हे त्या कक्षात दिसून आले. या दोघांच्या सहभागातून १९६५ साली परिचारिकांसाठी हृदयरोग अतिदक्षतेची एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये अमेरिकेत हृदयरोग परिचारिकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि दोनच वर्षांत अतिदक्षता परिचारिकांची संघटना असे तिचे नामांतर झाले.

या इतिहासात एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अधिकार आधी आणि प्रशिक्षण मागाहून, किंवा प्रशिक्षण आधी आणि अधिकार कधीच नाही, असे येथे घडले नाही. दोन्ही एकाच कक्षात, एकाच काळात आकाराला आले. आपल्याकडील आजच्या अडचणींचे मूळ बव्हंशी या दोहोंच्या फारकतीत आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

मूलभूत शिक्षण कोठे थांबते?

तीन वर्षांची जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी परिचारिकेस सर्वसाधारण रुग्णसेवेसाठी सिद्ध करते. वैद्यकीय, शल्य, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य अशा सर्व शाखांचा त्यात परिचय असतो, आणि तो तसाच असला पाहिजे. त्यामुळे अतिदक्षता विभागाच्या वाट्याला काही आठवडेच येतात. त्या काळात विद्यार्थिनी यंत्रे पाहते, नोंदी करते, क्वचित एखादी कृती देखरेखीखाली करते. जबाबदारी घेऊन रुग्ण सांभाळण्याची संधी तिला मिळत नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार करता ती मिळूही नये. उणीव नेमकी कशी जाणवते, हे काही उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण अगदी साध्या भौतिकशास्त्राचे आहे. रोहिणीतील रक्तदाब सतत मोजण्यासाठी द्रवाने भरलेली नळी ट्रान्सड्यूसर नावाच्या दाबमापकाला जोडलेली असते. हा दाबमापक रुग्णाच्या हृदयाच्या पातळीत, म्हणजे छातीच्या चौथ्या बरगडी-अंतराळाच्या व काखेच्या मध्यरेषेच्या छेदबिंदूवर ठेवावा लागतो. आता समजा, रुग्णाची खाट दहा सेंटिमीटर वर केली आणि स्टँडला बांधलेला दाबमापक तेथेच राहिला. दहा सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे पाऱ्याचे जवळपास ७.४ मिलिमीटर. पडद्यावरील प्रत्येक आकडा तेवढ्याने फुगतो. सरासरी रक्तदाब प्रत्यक्षात ६० असताना ६७ दिसतो आणि ६५ ही किमान मर्यादा पाळली गेल्याचे समाधान मिळते. मध्यवर्ती नीलेतील दाबाच्या बाबतीत तर अनर्थच होतो. खरा दाब ४ असता ११ दिसतो आणि द्रवाची नितांत गरज असलेल्या रुग्णाच्या शरीरात द्रव पुरेसा आहे, असा निष्कर्ष निघतो. यंत्र बिघडलेले नसते, धोक्याची घंटाही वाजत नाही. एका तपासणीच्या निमित्ताने एका अतिदक्षता विभागात गेले असता लागोपाठच्या तीन खाटांवर दाबमापकाची पातळी चुकलेली प्रस्तुत लेखिकेने पाहिली आहे. तेथील परिचारिका कष्टाळू होत्या, नोंदवह्या अद्ययावत होत्या. त्या नोंदवह्यांत चुकीचे आकडे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते.

दुसरे उदाहरण मात्रेच्या हिशोबाचे. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनलिन हे औषध दर मिनिटाला, दर किलोग्रॅम वजनामागे मायक्रोग्रॅममध्ये दिले जाते. ४ मिलिग्रॅम औषध ५० मिलिलिटर द्रावणात मिसळले, तर एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम औषध येते. ६० किलो वजनाच्या रुग्णास ०.१ मायक्रोग्रॅम या प्रमाणात द्यायचे झाल्यास मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपाची गती तासाला ४.५ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकले की ही गती ४५ होते आणि रुग्णास दसपट मात्रा जाते. शाळेतील गणितापलीकडचे यात काही नाही, हे खरे. परंतु हे गणित पहाटे चार वाजता, दुसऱ्या पंपाची घंटा वाजत असताना, उभ्याने करायचे असते. शिवाय या औषधाचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे रिकामी होत आलेली सिरिंज बदलताना क्षणभराचा खंड पडला तरी रक्तदाब कोसळू शकतो. खंड पडू न देता सिरिंज बदलण्याची रीत पुस्तकात एका परिच्छेदात येते आणि हातात यायला कित्येक आठवडे लागतात.

तिसरे उदाहरण अर्थ लावण्याचे आहे. छातीतील नळ्यांतून दर तासाला किती रक्त आले, याची नोंद प्रत्येक परिचारिका करते. रक्त जास्त आले की ती सावध होते. परंतु रक्त येणे एकाएकी थांबले, तर ती नेहमीच चांगली बातमी नसते. नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवतीच साठू लागले असेल, तर हृदय बाहेरून आवळले जाते. नीलेतील दाब वाढतो, रोहिणीतील दाब उतरतो, वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतर कमी होते, लघवी घटते. या खुणा एकेकट्या पाहिल्या तर प्रत्येकीचे दुसरे काही कारण देता येते. त्या एकत्र वाचणे, तेही अर्ध्या तासाच्या आत, हे विशेष प्रशिक्षणाचे फलित होय.

चौथे उदाहरण मूलभूत शिक्षणाच्या मर्यादेवर सर्वांत नेमके बोट ठेवते. हृदय थांबल्यास तत्काळ छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी, हे प्रत्येक परिचारिकेस शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु नुकतीच हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत क्रम बदलतो. छातीचे हाड तारांनी बांधलेले असते, आतील टाके ताजे असतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील वक्षशल्यचिकित्सकांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या सर्वसंमत मार्गदर्शक सूचनांनुसार, हृदयाची गती प्राणघातक रीतीने विस्कळीत झाली असेल आणि विद्युत्-आघात एका मिनिटाच्या आत देता येत असेल, तर छातीवर दाब देण्यापूर्वी लागोपाठ तीन आघात द्यावेत. हृदय निश्चल असेल, तर आधी पेसिंगच्या तारा जोडून पाहाव्यात. अ‍ॅड्रेनलिनची नेहमीची एक मिलिग्रॅमची मात्रा सरसकट देऊ नये, कारण हृदय पुन्हा सुरू होताच रक्तदाब उसळून टाके फाटू शकतात. आणि एवढ्याने यश न आल्यास पाच मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडावी. थोडक्यात, सर्वसाधारण विभागात जी कृती प्राण वाचवते, तीच येथे पहिल्या मिनिटात इजा करू शकते. सामान्य प्रशिक्षण उत्तम झालेली परिचारिकाही या प्रसंगी चुकेल, आणि ती आपले शिक्षण प्रामाणिकपणे अमलात आणत असल्यामुळेच चुकेल.

भारतातील उपलब्ध मार्ग :

१९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने आखून दिलेले तीन मार्ग आपल्याकडे दिसतात. त्यांपैकी पहिला म्हणजे एक वर्षाची उत्तर-मूलभूत पदविका. अतिदक्षता परिचर्या आणि हृद्-वक्ष परिचर्या हे तिचे दोन स्वतंत्र विषय आहेत. नोंदणीकृत आणि अनुभवी परिचारिकेस तेथे प्रवेश मिळतो, जीएनएम झालेल्या परिचारिकेलाही दार खुले असते, हे या मार्गाचे मोठे बलस्थान. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या ठिकाणी हृद्-वक्ष परिचर्येची पदविका दीर्घकाळ चालवली जात आहे, आणि जेथे हृदयशस्त्रक्रियांची संख्या मोठी आहे तेथेच असा अभ्यासक्रम सकस होतो, हे तिच्यावरून समजते.

दुसरा मार्ग दोन वर्षांच्या एम.एस्सी. नर्सिंगचा. वैद्यकीय-शल्य परिचर्येच्या अंतर्गत हृद्-वाहिनी व वक्ष परिचर्या किंवा अतिदक्षता परिचर्या ही उपशाखा घेता येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मात्र एम.एस्सी.च्या विषयांची यादी पाहिली, तर परिचर्या-शिक्षणशास्त्र, संशोधन व संख्याशास्त्र, व्यवस्थापन यांनी तिचा मोठा भाग व्यापलेला दिसतो. प्रबंध असतो, अध्यापनाचे पाठ असतात. परिणामी या अभ्यासक्रमातून प्रामुख्याने शिक्षिका व प्रशासिका घडतात. पदवी हाती पडताच रुग्णाच्या उशापासून दूर जाणे ही येथे जणू बढतीच मानली जाते. यात त्या विद्यार्थिनींचा दोष नाही. त्यांच्यासाठी निर्माण केलेली पदेच महाविद्यालयांत आहेत.

ही त्रुटी ओळखून तिसरा मार्ग आखला गेला. २०१६ च्या सुमारास परिषदेने अतिदक्षता परिचर्येतील 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम पुढे आणला. बी.एस्सी. नर्सिंग व किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव ही त्याची प्रवेशाची अट. प्रगत विकृतिशरीरशास्त्र, प्रगत औषधशास्त्र, प्रगत शारीरिक तपासणी हे त्याचे गाभ्याचे विषय, आणि वेळेचा फार मोठा हिस्सा प्रत्यक्ष रुग्णसेवेत. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थी जसा विभागात राहून शिकतो, तशीच ही रचना. ठरवून दिलेल्या उपचारसंहितेच्या चौकटीत तपासण्या सांगणे व औषधांत बदल करणे हे काम या परिचारिकेने डॉक्टरांच्या सहयोगाने करावे, अशी कल्पना त्यामागे आहे. मात्र अशी परिचारिका शिकून बाहेर पडल्यावर तिला हे काम कितपत करू द्यावे, हे व्यवहारात त्या त्या रुग्णालयाच्या अंतर्गत नियमांवर अवलंबून राहते. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. या नव्या व्यवस्थेत वरील प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते, यावर या अभ्यासक्रमाचे भवितव्य बव्हंशी अवलंबून आहे.

याशिवाय चार दिवसांची कार्यशाळा, दोन आठवड्यांचे शिबिर, कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेले यंत्राचे प्रात्यक्षिक असे अनेक लहान प्रकार असतात. ते निरुपयोगी नाहीत, पण त्यांना प्रशिक्षण म्हणणे धाडसाचे आहे. २०२० च्या साथीत सर्वसाधारण विभागांतील परिचारिकांना काही दिवसांच्या तोंडओळखीनंतर अतिदक्षता विभागात उभे करावे लागले. त्यांनी ते काम निभावले, याचे कौतुक झाले. निभावताना त्यांच्यावर काय ओढवले, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

अध्यापनाचा प्रश्न :

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या कौशल्यविकासाच्या नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. ड्रायफस बंधूंच्या कौशल्यविषयक विचारावर ही मांडणी आधारलेली आहे. नवशिकी परिचारिका नियमाच्या आधाराने चालते. निष्णात परिचारिकेला समग्र परिस्थिती एकदम जाणवते, नियम तिच्या मागे उभे असतात. आपल्या परीक्षापद्धतीत अडचण येते ती येथेच. दीर्घोत्तरी प्रश्नातून नियम माहीत आहेत की नाहीत एवढे कळते. हृदय आवळले जात असल्याची लक्षणे लिहा, या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी विद्यार्थिनी ती लक्षणे दोन तासांत विखरून समोर आली, तर ओळखेलच असे नाही.

यावर उपाय म्हणून सदृशीकरणाचा, म्हणजे पुतळ्यावर व संगणकावर प्रसंग रचून सरावाचा, आग्रह धरला जातो. तो योग्य आहे. महागडा पुतळा घेतला की सदृशीकरण झाले, हा समज मात्र सोडावा लागेल. हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांचा सराव साध्या पुतळ्यावर, एक घड्याळ आणि सहा माणसे घेऊन करता येतो. उपरोक्त मार्गदर्शक सूचनांतही सहा निश्चित भूमिका वाटून दिलेल्या आहेत. महत्त्व असते ते सरावानंतरच्या चर्चेला. कोण काय बोलले, कोण गप्प राहिले आणि का, हे विचारण्याला. आपल्या रुग्णालयांतील श्रेणीबद्ध वातावरणात कनिष्ठ परिचारिकेने वरिष्ठ डॉक्टरांना "सर, दाबमापकाची पातळी तपासू या का?" असे विचारणे सोपे नसते. तेही शिकवावेच लागते.

अभ्यासक्रम शिळा होण्याचा धोकाही येथे इतर विषयांहून अधिक आहे. महारोहिणीत फुगा ठेवून हृदयास आधार देणारे यंत्र, ज्याला आयएबीपी म्हणतात, त्याची परिचर्या हा एकेकाळी अभ्यासक्रमाचा मोठा भाग असे. फुगा वर सरकला तर डाव्या हाताची नाडी मंदावते, खाली सरकला तर मूत्रपिंडांकडील प्रवाह अडून लघवी घटते, हे ज्ञान आजही हवेच. परंतु झटक्यानंतर हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत या फुग्याने मृत्यू कमी होत नाहीत, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जर्मन चाचणीत दिसून आले आणि त्याचा सरसकट वापर मागे पडला. शस्त्रक्रियेविना झडप बदलणे आणि एक्मोसारखी आधारयंत्रणा हे विषय आता पुढे आले आहेत. पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्ती आणि विभागातील नवे यंत्र यांतील अंतर भरून काढणारी व्यक्ती ही रुग्णसेवेत प्रत्यक्ष असलेलीच शिक्षिका असू शकते. आपल्याकडे मात्र पाठ्यनिर्देशिका महाविद्यालयाच्या आस्थापनेवर आणि अधिपरिचारिका रुग्णालयाच्या आस्थापनेवर, अशी विभागणी पक्की आहे. शिकवणारीला रुग्ण नाहीत आणि रुग्ण सांभाळणारीला शिकवण्याचा वेळ नाही.

अन्य देशांतील अनुभव :

ब्रिटनमधील अतिदक्षता सेवेच्या मानकांनुसार विभागातील नोंदणीकृत परिचारिकांपैकी निदान निम्म्या जणींकडे अतिदक्षता परिचर्येतील नोंदणीपश्चात अर्हता असणे आवश्यक मानले जाते. येथे अट एकेका व्यक्तीवर नाही, ती संपूर्ण विभागावर आहे. त्यामुळे परिचारिकेने शिकावे ही तिची वैयक्तिक हौस न राहता विभागप्रमुखाची जबाबदारी होते.

शिक्षणाचा आणि रुग्णांच्या जगण्या-मरण्याचा संबंध दाखवणारा सर्वांत परिचित अभ्यास लिंडा एकिन व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण यांची माहिती तपासली गेली. परिचारिकेवरील भार एका रुग्णाने वाढला की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती सात टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, आणि युरोपातील आकडे जसेच्या तसे सोलापूर किंवा पणजीला लावता येणार नाहीत. तरीही एक गोष्ट त्यातून टाळता येत नाही. संख्या आणि शिक्षण ही दोन्ही स्वतंत्रपणे परिणाम करतात. कमी मनुष्यबळाची भरपाई जास्त शिकलेल्या परिचारिकेकडून करून घेता येत नाही.

प्रशिक्षणानंतर काय?

या विषयाची सर्वांत नाजूक बाजू आर्थिक व प्रशासकीय आहे. प्रस्तुत लेखिकेच्या परिचयातील एका अधिपरिचारिकेने बारा वर्षांच्या नोकरीनंतर, लहान मुलीला आजोळी ठेवून, हृद्-वक्ष परिचर्येची एक वर्षाची पदविका परराज्यात पूर्ण केली. परत आल्यावर आठ महिने ती हृदयरोग अतिदक्षता विभागात होती. पुढे नियमित फेरबदलात तिची नेमणूक बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शन कक्षात झाली. आदेशात काहीही नियमबाह्य नव्हते. आस्थापनेच्या दृष्टीने अधिपरिचारिका हे एकच पद आहे आणि त्या पदावरील प्रत्येक व्यक्ती दुसरीच्या जागी चालते. तिच्या पदविकेची नोंद सेवापुस्तकात आहे. तिचे विभागातील स्थान, वेतन वा पदोन्नती यांवर त्या नोंदीचा परिणाम झालेला नाही.

असे उदाहरण अपवादात्मक नाही, हे या क्षेत्रातील कोणीही सांगेल. विशेष अर्हतेला विशेष पद नसेल, तर प्रशिक्षणावर झालेला खर्च एका बदली-आदेशात वाया जातो. खासगी क्षेत्रात चित्र वेगळे असले, तरी अधिक आशादायक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे वेतन कोणत्याही परिस्थितीत दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. अशी शिफारस करावी लागली, यातच पुष्कळ काही आले. ज्या परिचारिकेस मूळ वेतनासाठी झगडावे लागते, तिने रजा घेऊन, शुल्क भरून वर्षभर शिकावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

मग ती परदेशी जाते. आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड येथे भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यातही परिचारिकांचा समावेश आहे. अतिदक्षता विभागातील अनुभवाला तेथे मागणी असते. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत त्यांच्या विशेष ज्ञानाला नाव आणि वेतनश्रेणी आहे, तेथे त्या जातात. अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हा परिषदेचा निकष आपल्या किती विभागांत पाळला जातो, हे त्या विभागात एक रात्र काढलेल्या कोणाही नातेवाइकास ठाऊक असते. उरलेल्या परिचारिकांवरचा भार वाढतो आणि त्यांना प्रतिनियुक्तीवर प्रशिक्षणास पाठवणे परिसेविकेला आणखीच अवघड होते. एक गेली की तिच्या तीन पाळ्या कोणी भरायच्या, हा तिच्यापुढचा प्रश्न खोटा नसतो.

या कोंडीतील काही गाठी शासनस्तरावरच सुटणाऱ्या आहेत. हृदयरोग अतिदक्षता विभागासाठी अर्हतेशी जोडलेली स्वतंत्र पदे, त्या पदांना सर्वसाधारण फेरबदलातून सूट आणि प्रशिक्षणकाळात बदली मनुष्यबळ, या तीन गोष्टींवाचून नवे अभ्यासक्रम काढणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे होय. त्यांतही निवड करायची झाल्यास पदांचा प्रश्न आधी घ्यावा, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. पद असेल तर शिकणाऱ्या मिळतात.

काही गाठी मात्र आपल्यासारख्या महाविद्यालयांच्या हातातील आहेत. दाबमापकाच्या पातळीचा जो घोटाळा वर वर्णन केला, त्याचे उत्तर कोणत्याही वरिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात, कपाटातील यू-आकाराच्या काचेच्या नळीत पडून आहे. परिचर्या महाविद्यालयांना असा शिक्षक सहसा उपलब्ध नसतो. मात्रेच्या हिशोबात नेमक्या कोणत्या पायरीवर चूक होते, हे शोधणे हा गणिताच्या व मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना मिळून करण्याजोगा लघुप्रकल्प आहे. नळी, रंगीत पाणी, मोजपट्टी आणि जवळच्या रुग्णालयातून आणलेला एक वापरून झालेला ट्रान्सड्यूसर एवढ्या साहित्यावर दोन तासांचे प्रात्यक्षिक होते. परिचारिकांना पाळी बदलण्याच्या वेळेस, म्हणजे दुपारी दोननंतर, येणे सोयीचे पडते.